तीस सेंटिमीटरखाली

पेटीत रस्त्यातून ड्रिलने काढलेले आठ नमुने होते. प्रत्येक तीस सेंटिमीटरचा: वर डांबर सहा, खाली खडी चोवीस. आठही नोंदींची शेवटची ओळ एकच होती, 'खाली मूळ जमीन'. ती जमीन कुणीच पाहिली नव्हती. खडी संपली की ड्रिल थांबवायचं, हीच खात्याची पद्धत.

प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीला, जिला सगळं ऑफिस 'फूटपट्टी' म्हणे, ती पद्धत आज डाचत होती. गोऱ्या सरकारच्या इंजिनिअरने शंभर वर्षांपूर्वी अहवालात लिहिलं होतं, की रस्ता ओसाड माळावरून काढला. तेव्हापासून जो तो तेच वाक्य उतरवून घेत आला. त्याच्याच जोरावर रस्त्याकडेच्या बावीस घरांना नोटीस निघाली होती: तुम्ही नंतर येऊन बसलात, घरं पाडणार. त्यातलं एक तिच्या आत्याचं. वस्ती रस्त्याच्या आधीची होती, याचा पुरावा उद्या द्यायचा होता.

"आम्ही नंतर आलो?" सकाळी आत्या कडाडली होती. "माझ्या आजीला घरातून ओढून काढलं, वर तिच्याच उंबऱ्यावरून गाड्या हाकल्या. आणि कागद मागतात मेले! पळताना कागद घेतात का माणसं?"

नवव्या भोकाशी मिस्त्रीने मशीन थांबवलं. "झाले तीस. काढू, मॅडम?"

"अजून तीस जा."

साहेब तरातरा आले. "बाई, रस्त्याखाली माती असते. आत्याबाईंच्या घरासाठी सरकारचं डिझेल कशाला जाळताय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आत्या माझी आहे, म्हणूनच मोजायचं तुम्ही आणि सहीही तुमची. मी फक्त लिहिणार. दर वेळी 'मूळ जमीन' लिहिता ना, सर? एकदा तिचं तोंड तरी बघा! शंभर वर्षं त्या गोऱ्याची कॉपी मारायची, आणि पगार मोजमापाचा घ्यायचा!"

मिस्त्री खाली मान घालून हसला. "साहेब, मशीन गरमच आहे. पाच मिनिटांचं काम."

साहेबांनी तिच्या हातातली टेप हिसकावली. "चल, होऊन जाऊ दे!"

नळी वर आली, नमुना पेटीत आडवा झाला. साहेब वाकले. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग वर न बघता ते सांगत गेले, ती लिहीत गेली.

डांबर सहा. खडी चोवीस. राख, जळक्या लाकडाच्या तुकड्यांसह, चार. चुन्याचा घोटीव कोबा नऊ. मूळ जमीन सतरा.