योझेफच्या चार घोड्या

डब्यात वेण्या चार होत्या. दोन काळ्या, एक तपकिरी, एक पिवळट. सर्वांत लांब बेचाळीस सेंटिमीटर, सर्वांत आखूड एकोणीस. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना मेण लावलेला दोरा.

"इतकं काय मोजतेस, मधू? कापडाच्या दुकानात आहेस का?" अदीबा म्हणाली. "घोड्याचे केस, एवढं लिही. यल्ला, आटप!"

मधुवंती हसली. पुण्यात फॉरेन्सिक शिकून वर्षभर ती ओमानमधल्या सीबच्या या पशुवैद्यकीय लॅबमध्ये होती. अदीबाच्या तबेल्यातले नमुने इथेच येत, त्यामुळे दोघींची गट्टी जमलेली. आज अदीबाचे वडील अमीनबाबाही आले होते. वेण्या अश्वप्रदर्शनात मांडायच्या होत्या, पण आयोजकांना आधी तपासणी हवी होती. अमीनबाबांनी पंचाहत्तरी ओलांडलेली; आपल्या वडिलांचं नाव काचेखाली बघायचं, एवढी एकच हौस उरली होती.

अमीनबाबांचे वडील मूळचे कॉकेशसचे. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या फौजेतून जर्मनांच्या हाती सापडले आणि मग जर्मनांच्याच घोडदळात अधिकारी होऊन, काबीज केलेल्या पोलंडमध्ये गेले. युद्धानंतर भटकत भटकत ओमानला पोचले, ते हा डबा उराशी धरूनच.

"तिथल्या गावात योझेफ नावाचा नालबंद बाबांचा जिवलग झाला," अमीनबाबा सांगू लागले. "त्याच्या चार घोड्या. हानका, रूता, मिर्का आणि धाकटी झोशा. एका सकाळी बाबांच्याच तुकडीने त्यांना गोळ्या घातल्या. योझेफने वेण्या कापून बाबांच्या हातात ठेवल्या. म्हणाला, नावं मरू देऊ नकोस."

तेव्हापासून घरात मादी शिंगरू झालं की यातलंच एक नाव. वेणी त्याच्या कपाळाला लावायची. सध्याची झोशा चौथी.

"आणि दर वर्षी मी या वेण्या घोड्यांच्या शाम्पूने धुते," अदीबा म्हणाली.

"स्वतःच्या केसांची एवढी काळजी घेतली असतीस तर!" म्हाताऱ्याने टोमणा मारला.

मधुवंतीने काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "केसाच्या मधोमध एक नळी असते. केसाच्या रुंदीच्या निम्म्याहून जाड असली की जनावर. एक तृतीयांशाहून बारीक असली की..." ती गमतीने म्हणाली, "माणूस."

तुलनेसाठी आणलेला जिवंत झोशाचा केस तिने आधी मोजला. मग हानकाचा.

तिने भिंग पुसलं. पुन्हा मोजला. वेणीच्या दुसऱ्या टोकाचा केस घेतला.

"काय गं?" अदीबाने विचारलं.

"थांब जरा." तिने उरलेल्या तिन्ही पाहिल्या.

"घोड्याचेच ना?" अमीनबाबा म्हणाले. मग डब्याकडे बघत, हळूच: "झोशाचं नाव निघालं की बाबा उठून बाहेर जायचे."

मधुवंतीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला: केसाच्या रुंदीच्या मानाने नळीची जाडी.

तबेल्यातली झोशा: ०.५८. हानका: ०.२४. रूता: ०.२१. मिर्का: ०.२६. झोशा, वेणी एकोणीस सेंटिमीटर: ०.१९.