कोळ्याचा चावा आणि चारचा फोन

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी शेजारपाजारचे तिला सिस्टरच म्हणायचे. चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. थर्मामीटर न बघता तक्त्यावर आकडा लिहिला, असं तिच्या हातून कधी झालं नाही.

मुलगा दूरदेशी नोकरीला गेला आणि जाताना आपला पाळलेला कोळी तिच्या गळ्यात टाकून गेला. तळहाताएवढा, केसाळ, झाडावर राहणाऱ्या जातीचा. दोन महिन्यांत नेतो म्हणाला होता, त्याला तीन वर्षं झाली. फोन महिन्यातून एकदा, तोही घाईघाईचा.

एके सकाळी त्याच्या काचेच्या पेटीतली पाण्याची वाटी बदलताना कोळी तिच्या बोटाला कडकडून चावला. दोन टिपके, थोडी सूज, गांधीलमाशी डसल्यासारखी आग. तिनं बोट धुतलं, बर्फ लावला आणि विषय सोडून दिला. पण चौथ्या दिवशी पोटऱ्यांत गोळे आले, हाताची बोटं आखडून बसली. डॉक्टर म्हणाले, या जातीच्या विषानं असं होतं. जिवाला धोका नाही, पण दोन-तीन आठवडे गोळे येत-जात राहतील.

तिनं मुलाला कळवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी चारला रोज फोन येऊ लागला. कुठे दुखतं, किती वेळ, जेवलीस का. ती साडेतीनपासूनच खुर्ची ओढून बसायची. एकदा तो म्हणाला, "सिस्टर, जन्मभर पेशंटना दटावलंस, आता भोग," आणि दोघंही खूप हसली.

अठराव्या दिवशी अंग मोकळं होतं. तिनं जिना चढून-उतरून पाहिला, ओली चादर पिळून पाहिली. काही नाही. बरं वाटायचं सोडून ती घड्याळाकडे बघत बसली.

चारला फोन वाजला.

"आज कसं आहे?"

"डाव्या पोटरीत गोळा आला होता," ती म्हणाली. "बराच वेळ."

तो म्हणाला, आता बास, चुकलं माझंच. उद्या एक मित्र येऊन कोळी घेऊन जाईल. तिनं पेटीकडे पाहिलं. कोळी आतल्या झाडाच्या सालीला चिकटून बसला होता. तिच्याखेरीज त्या घरात हलणारं तेवढंच होतं.

"थांब रे. खोटं सांगितलं मी. आज काहीच दुखलं नाही."

का, असं त्यानं विचारलं नाही. पलीकडे नळ सुरू झाला, बंद झाला.

"ठेवू नकोस फोन," तो म्हणाला. "भाजी चिरतोय मी."

तिनं फोन कानाशी घट्ट धरला. बराच वेळ नुसता सुरीचा आवाज येत राहिला.