शून्याचं टोक

चौकातून हसण्याचा आवाज आला तेव्हा मोजणीबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून प्लास्टरमध्ये विणायची सुई घालून मनगट खाजवत होत्या. हसणं एकट्यादुकट्याचं नव्हतं. सात-आठ माणसं एकदम हसत होती, आणि आवाज गावाच्या फळ्यासमोरून येत होता.

त्या उठल्या. एकोणीस वर्षं तो फळा त्या लिहीत होत्या. एवढ्या वर्षांत त्याच्यासमोर कुणी हसलं नव्हतं.

फळ्यावर पहिल्या ओळीत विहिरीचं पाणी होतं : साडेदहा फूट. दुसऱ्या ओळीत क्लोरीन : ठीक. दोन्ही आकडे बरोबर होते. धाकटी जाऊ दोर ओढत असताना त्या स्वतः शेजारी उभ्या होत्या. तिसरी ओळ गावाच्या खबरेची. तिथे धाकटीच्या गोल, पसरट अक्षरात लिहिलं होतं : ‘बेकरीवाल्यांची हरवलेली कोंबडी तीन दिवसांनी परत आली. कुठे होती ते ती सांगत नाही.’

“वाचलंत का, बाई?” निवृत्त पोस्टमन काका डोळे पुसत म्हणाले. “सांगत नाही म्हणे! धाकटी मोठी गमतीची आहे हो तुमची.”

“माहिती अपुरी आहे,” मोजणीबाई म्हणाल्या. “अंडी देते की नाही, जखमी आहे का, काहीच कळत नाही.”

लोक पुन्हा हसले. हे हसणं कोंबडीला नव्हतं, हे त्यांना घरी पोहोचेपर्यंत पुरतं कळलं.

मोजणीबाईंचं काम असं : सकाळी साडेसहाला विहिरीवर जायचं, पितळी वजन बांधलेला दोर तळाला टेकेपर्यंत सोडायचा, ताठ धरून वर घ्यायचा आणि तो कुठपर्यंत ओला झाला ते बघायचं. दोराला दर दोन फुटांवर एक रंगीत चिंधी शिवलेली होती. मग गावातल्या शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, पाणी फिकट पिवळं झालं की क्लोरीन ठीक. कॉलेजात विज्ञानाची दोन वर्षं झाली आणि लग्न ठरलं. शिकलेल्यापैकी एवढंच हातात राहिलं होतं, आणि ते त्या तोलून मापून करत. गावाची खबरही त्याच मापाने लिहीत. ‘जन्म : एक. मृत्यू : नाही.’ गाव वाचायचं आणि कामाला लागायचं.

विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरला आणि मनगट मोडलं, म्हणून सहा आठवडे फळा धाकटीकडे गेला. धाकटी शिवणकाम करायची. तिच्या ओटीवर दिवसभर बायकांची ये-जा, त्यामुळे गावात काय चाललंय ते तिला गावाच्या आधी कळायचं.

प्लास्टर निघालं त्या सकाळी मोजणीबाईंनी स्वतःच्या अक्षरात फळा लिहिला. ‘जन्म : नाही. मृत्यू : नाही.’ पोस्टमन काका फळ्यापुढे उभे राहिले, पाठीमागेही काही असेल अशा आशेने वाकून बघितलं आणि विचारलं, “आज काहीच घडलं नाही होय गावात?”

आठवड्याभरात गावसभेचे अध्यक्ष घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, “बाई, तुमच्या आकड्यांना तोड नाही. पण लोकांना तिसऱ्या ओळीची सवय लागलीय. तर वरचं तुम्ही लिहा, खालचं धाकट्या वहिनी लिहितील. तुमचंही ओझं कमी.”

“मला ओझं झालंय असं मी म्हटलं नव्हतं.”

“अहो, तसं नव्हे हो!” अध्यक्षांनी घाईघाईने कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोजणीबाई मोठी पट्टी घेऊन चौकात गेल्या आणि त्यांनी फळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने एक आडवी रेघ मारली. रेघेच्या वर त्यांचं, खाली धाकटीचं.

“जाऊबाई, एवढी पक्की कशाला?” धाकटी हसून म्हणाली. “खडूची चालली असती की.”

“खडूची रोज सरकली असती.”

दोघींची घरं एकाच अंगणात समोरासमोर होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजणीबाईंना धाकटीची ओटी दिसायची. बायका कपड्याचं माप द्यायला येत आणि तासभर बसत. त्यांच्याकडे कोण येणार? पाणी किती आहे ते फळ्यावरच कळत होतं. भाजी चिरताना त्या कान तिकडे ठेवून असत, आणि हसणं ऐकू आलं की सुरी जरा जोरात पडे.

“कुणाचं डोकं उडवतेस?” नवऱ्याने एकदा विचारलं.

“काकडीचं.”

एकदा धाकटीने लिहिलं, ‘शाळेची घंटा चोरीला गेली. मुलांनी चोराचे आभार मानले आहेत.’ परगावचा दूधवालासुद्धा गाडी थांबवून वाचून गेला. त्या दिवशी वर पाणी पावणेनऊ फूट होतं. दहा दिवसांत पाऊण फूट उतरलं होतं. कुणाच्या तोंडून त्याबद्दल अक्षर नाही.

त्याच दुपारी टाकी धुवायला काढली आणि पंप दोन दिवस बंद राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मोजणीबाई विहिरीवर होत्या, आणि रस्त्यावरून धाकटी खडू घेऊन फळ्याकडे निघालेली त्यांना दिसली. आज ती आधी पोहोचणार, तिची ओळ आधी वाचली जाणार. त्यांनी दोर झटक्याने ओढला. पाण्याखाली तो पंपाच्या पाइपला आवळलेल्या लोखंडी पट्टीत अडकला, आणखी ओढल्यावर तुटला. वजन तळाशी गेलं. गळ टाकून ते काढायला अर्धा तास लागला. दोर दोन आणि चार फुटांच्या चिंध्यांच्या मध्ये तुटला होता. दोन्ही टोकं पार विरली होती. त्यांनी विरलेला भाग कापला, गाठ मारली, गाठ ओढून बघितली. माप नंतर बघू, असं स्वतःशीच म्हणाल्या.

आणि दोर पुन्हा सोडला. पाणी दहा फूट.

पंप दोन दिवस बंद होता, त्यामुळे पाणी चढणारच होतं. पाव फूट, फार तर अर्धा. सव्वा फूट जास्त होतं हे त्यांना कळत होतं. पण त्यांनी फळ्यावर ‘दहा’ लिहिलं तसे पोस्टमन काका ओरडले, “अरे, पाणी वाढलं! बघा, बाईंनी आनंदाची खबर दिली!” चार माणसं जमली. दोघांनी मोजणीबाईंना हात जोडले, जणू पाणी त्यांनीच आणून ओतलं होतं. त्या दिवशी खालची ओळ कुणी वाचली नाही.

मोजणीबाई घरी आल्या आणि काकडी शांतपणे चिरली.

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला दोर मापायचा असे. दोर ताणतो, आकसतो, म्हणून मोजणीबाईंनीच घालून घेतलेला नेम होता. या कामाला दोन माणसं लागत. अंगणात दोर पसरायचा, धाकटीने तिच्या शिवणकामाच्या टेपचं शून्याचं टोक अंगठ्याखाली दाबून धरायचं, आणि मोजणीबाईंनी दुसऱ्या बाजूने आकडा वाचायचा. चिंधी सरकलेली असली तर धाकटी तिथल्या तिथे उसवून पुन्हा शिवायची. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं.

यंदा धाकटीच टेप गळ्यात अडकवून समोर आली. “जाऊबाई, ऊन तापायला लागलं. दोर मापायचा ना?”

“मापला मी.”

“एकटीने?”

“खिळ्याला अडकवून मापला. दर वेळी तुझा खोळंबा कशाला? तुला आता बरीच कामं असतात.”

धाकटीने खुंटीवरच्या दोराकडे पाहिलं. ती नजर शिंपिणीची होती, कापड पोटरीपर्यंत येईल की घोट्यापर्यंत ते लांबूनच सांगणारी. मग “बरं” म्हणाली आणि गेली.

पंपाचा नियम साधा होता. पाइपचं तोंड तळापासून पाच फुटांवर होतं, म्हणून पाणी सहाच्या खाली गेलं की पंप लावायचा नाही. पंपावर धाकटीचा नवरा होता, म्हणजे मोजणीबाईंचा दीर. रोज फळा बघायचा आणि मगच बटण दाबायचा. ऐन उन्हाळ्यात एका सकाळी फळ्यावर सव्वासहा होते. त्याने पंप लावला आणि नेहमीप्रमाणे गावाच्या दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह उघडायला गेला. परत आला तेव्हा पंपघरातून जळका वास येत होता. पंपाने पाण्याऐवजी हवा ओढली होती आणि मोटर जळली होती.

अकरा दिवस गावाने ओढ्यावरून पाणी आणलं. लोक डोक्यावर घागरी घेऊन चौकातून जायचे आणि फळ्याकडे बघून म्हणायचे, “सव्वासहा फूट पाणी होतं, मग मोटर जळलीच कशी?”

“पंपवाल्याचं लक्ष नव्हतं, दुसरं काय!”

“भावजी, पंपाचा आवाज बदलला असेल ना?” मोजणीबाईंनी दिराला विचारलं. असं विचारावं लागावं, याची त्यांना त्याच क्षणी लाज वाटली.

“मी व्हॉल्व्हवर होतो, वहिनी. एकोणीस वर्षं तुमचा आकडा बघून बटण दाबतोय. कधी दगा दिला नाही त्याने. माझंच काहीतरी चुकलं असेल.”

अध्यक्षांनी त्याला पंपावरून काढून गटारांच्या सफाईवर लावलं. कायमचा निर्णय वर्षअखेरच्या गावसभेत व्हायचा होता. पाऊस आला, विहीर भरली. दीर संध्याकाळी अंगणात हातपाय घासघासून धुवायचा आणि कुणाशी न बोलता आत जायचा. धाकटीची ओटी हळूहळू ओस पडली. आणि फळ्यावर रेघेच्या खाली ती लिहू लागली : ‘जन्म : एक. मृत्यू : नाही.’

मोजणीबाईंना हेच तर हवं होतं. आता फळ्यासमोर कुणी हसत नव्हतं. पोस्टमन काका यायचे, एक नजर टाकायचे आणि जायचे. दोन्ही ओळी एकाच बाईने लिहिल्यासारख्या दिसत होत्या, आणि त्या बाईचा मोजणीबाईंना दिवसेंदिवस राग येत चालला होता.

दोर खुंटीवर होता. त्या रोज तो घेऊन जात आणि रोज आणून ठेवत. गाठीवर हात गेला की हात पुढे सरकवत.

गावसभेच्या दिवशी सकाळी त्यांनी दोर काढला, अंगण ओलांडलं आणि धाकटीच्या दारात उभ्या राहिल्या.

“टेप घे.”

धाकटी टेप घेऊन बाहेर आली. दोघींनी दोर अंगणात पसरला. धाकटीने शून्याचं टोक दोन फुटांच्या चिंधीवर अंगठ्याने दाबलं. मोजणीबाईंनी चार फुटांच्या चिंधीशी टेप धरून आकडा वाचला. तिथे दोन फूट असायला हवे होते.

“एक फूट,” त्या म्हणाल्या. टेप ताठ करून पुन्हा वाचला. “एक फूटच. फळ्यावर सव्वासहा होते तेव्हा विहिरीत सव्वापाच होतं.”

धाकटीने मान डोलावली.

“तुला माहीत होतं.”

“चिंध्या मी शिवल्यात, जाऊबाई. खुंटीवरच दिसलं होतं मला. पण वाटलं, तुम्ही मापलाय म्हणता, तर हिशेब मनात धरून लिहीत असाल. मोटर जळली तेव्हा कळलं, नाही धरलेला.”

“मग बोलली का नाहीस? नवरा गटारं उपसतोय तुझा!”

“रेघ तुम्ही मारलीत. वरचं तुमचं.” धाकटी टेप गुंडाळायला लागली. टेप ती करकचून आवळत होती. “आज सभेत मात्र बोलणार होते. सगळ्यांसमोर. दोर घेऊन. सकाळपासून बघत होते, तुम्ही येता का.”

मोजणीबाई चौकात गेल्या. फळा पुसला. वरच्या ओळीत त्यांच्या उभ्या, बारीक अक्षरात लिहिलं : ‘टाकी धुतली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून पाण्याचे सर्व आकडे एक फूट जास्त लिहिले गेले. दोर मी तोडला, मी जोडला, आणि मापला नाही. मापला आहे असं खोटं सांगितलं. मोटर त्यामुळे जळली. पंपवाल्याची चूक नाही.’ एवढं लिहिताना जागा संपली आणि शेवटचं वाक्य रेघेच्या खाली गेलं.

पोस्टमन काकांनी ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्यापासून मनात वाचलं.

सभा थोडक्यात आटोपली. दीर पंपावर परत गेला. मोजणी धाकटीकडे द्यावी असं कुणीतरी सुचवलं, आणि अध्यक्ष मोजणीबाईंकडे न बघता म्हणाले, “कुणाची हरकत?” मोजणीबाईंनी पिशवीतून दोर, काचेची नळी आणि थेंबांची बाटली काढून टेबलावर ओळीने ठेवली. बाटलीचं बूच सैल होतं, ते घट्ट केलं.

धाकटीने नवा दोर आणला. चिंध्या जुन्याच वापरल्या. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी मोजणीबाई खिडकीशी काकडी चिरत होत्या, तेव्हा अंगणातून हाक आली.

“जाऊबाई, टोक धरता का?”

त्या हात पुसून बाहेर आल्या. मांडी घालून बसल्या आणि टेपचं शून्य पितळी वजनाशी लावून अंगठ्याखाली दाबलं. धाकटी दोराच्या कडेने दूर जात राहिली.

“हलवू नका हं,” ती तिकडून म्हणाली.

“नाही हलवत,” मोजणीबाई म्हणाल्या. नख पांढरं होईपर्यंत त्यांनी अंगठा दाबून धरला, आणि तिकडून आकडा येण्याची वाट बघत बसल्या.