पण जास्त नको

त्या काचवाल्याला सगळा बाजार भोंगा म्हणायचा, आणि त्यालाही त्याची काही हरकत नव्हती. मोठी काच घेऊन तो रस्त्यात उतरला आणि "सांभाळा, काच!" म्हणून ओरडला, की तीन गल्ल्या पलीकडची माणसंसुद्धा बाजूला व्हायची. घरात आपण हळू बोलतो, असा त्याचा समज होता. बायकोचा तसा समज कधीच नव्हता.

रविवारी हाच आवाज घेऊन तो चर्चमध्ये जायचा. मंडळी छोटी, साठ-सत्तर जणांची. प्रभूने शिकवलेली प्रार्थना सगळे मिळून म्हणायला लागले, की ऐकू यायचा तो भोंगाच. पण गेली तीन वर्षं एक गंमत होत होती. गंमत कसली, पंचाईतच. 'जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली आहे' ही ओळ आली की भोंगा एकदम बंद, आणि ओळ संपली की पुन्हा चालू, वीज जाऊन यावी तसा. पहिल्या रविवारी लोकांना वाटलं, याला चक्करबिक्कर आली. पाळकांनी प्रार्थनेत एक डोळा उघडून पाहिलंसुद्धा. पुढे सगळ्यांना सवय झाली. लहान मुलं तर त्या ओळीची वाट बघायची आणि एकमेकांना कोपरं मारायची.

भोंगा कधी खोटं बोलायचाच नाही, असं नाही. "काच उद्या नक्की" हे वाक्य तो दिवसातून दहादा म्हणायचा. पण ते गिऱ्हाइकांशी. देवाशी खोटं बोलायची त्याची छाती नव्हती. ती ओळ म्हणणं म्हणजे शुद्ध थाप झाली असती, कारण त्याने आपल्या मेहुण्याला माफ केलं नव्हतं आणि तसा विचारही नव्हता.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. काच कापायची हिरकणी कशी धरायची, रेघ न थांबता एका दमात कशी ओढायची, पुट्टी किती मळायची, हे सगळं त्याला भोंग्याने शिकवलं. आठ वर्षं दोघांनी जोडीने काचा वाहिल्या. मग एक दिवस मेहुण्याने नव्या दवाखान्याच्या खिडक्यांचं काम दाजींना न सांगता स्वतःच्या नावावर घेतलं, आणि महिन्याभरात वेगळं दुकान थाटलं. थाटलं ते कुठे? बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. बाजारात आणखी चार जागा रिकाम्या होत्या. भोंग्याने त्या फिरून मोजल्या होत्या.

त्या दिवसापासून भोंग्याला दोन कामं झाली, एक काच कापणं आणि दुसरं समोर बघणं. समोर गिऱ्हाईक शिरलं की याच्या छातीत दुखायचं. दोन शिरली की जेवण जायचं नाही. मेहुण्याने दाराला नवा रंग दिला, तेव्हा तर याने आठवडाभर रस्त्याकडे पाठ करून काम केलं आणि तीन काचा वाकड्या कापल्या. बायको रोज सकाळी भावासाठी डबा घेऊन उघड उघड रस्ता ओलांडायची.

"त्याच्याकडे कशाला जातेस?" तो विचारायचा.

"तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणायची. "मला भाऊ एकच आहे. नवराही एकच आहे, काय करणार?"

आणि मग ती सकाळ आली. भोंगा चहा पीत बसला होता, तोच समोरून मोठा आवाज झाला. त्या धंद्यातला माणूस नुसत्या आवाजावरून सांगतो, काच केवढी होती. ही चांगली पुरुषभर उंचीची, जाड, महागातली. भोंग्याचं काळीज अक्षरशः नाचलं. तीन वर्षांत एवढा आनंद त्याला झाला नव्हता. त्याने शेजारच्या चहावाल्याला हाक मारून दुसरा चहा मागवला आणि तो अगदी चवीने प्यायला घेतला.

एवढ्यात बायको रस्ता ओलांडून धावत आली. तिची बाही कोपरापर्यंत रक्ताने भिजली होती.

"अहो, गाडी बोलवा! त्याचा हात कापला!"

भोंगा रस्त्यात धावला आणि "गाडी!" म्हणून असा ओरडला की एकाच्या जागी तीन थांबल्या. भाऊ-बहीण त्यातल्या एकीत बसून गेले. तो परत येऊन पाहतो तर फळीवर अर्धा चहा तसाच होता, अजून वाफ येत होती. तो चहा कशासाठी मागवला होता, हे त्याला आठवलं. ज्या घटकेला पलीकडे रक्त सांडत होतं, त्या घटकेला आपण इकडे सण साजरा करत होतो. त्याला स्वतःची अशी शिसारी आली की उरलेला चहा त्याने गटारात ओतून दिला.

हात वाचला. पण अंगठ्यामागची शीर तुटली होती. डॉक्टरांनी टाके घालून बजावलं, दोन महिने जड उचलायचं नाही.

भोंगा पाळकांकडे गेला. पाळक वयाने त्याच्या मुलासारखे, पण माणूस खमका. भोंग्याने त्यांना दुसऱ्या चहाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली आणि म्हणाला, "पाळकसाहेब, मी चांगला माणूस आहे असं मला वाटत होतं. हे आत कुठून आलं?"

"आजचं नाही ते," पाळक म्हणाले. "त्याच्यासाठी कधी प्रार्थना करता का?"

"करतो की. देवा, त्याला अक्कल दे, असं म्हणतो."

"ती तक्रार झाली. स्वतःच्या दुकानासाठी काय मागता?"

भोंग्याने जरा विचार केला. "भली गिऱ्हाइकं मिळू देत, फ्रेमा सरळ असू देत, आणि पाठ दुखू नये."

"मग तेच त्याच्यासाठी मागा. रोज. शब्द बदलायचे नाहीत."

"आणि मनापासून नाही आलं तर?"

"मन तुम्ही कुठे बदलणार आहात? तीन वर्षं झाली, जमलं का? ते काम प्रभूचं. तुम्ही नुसतं दार उघडून द्या."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर भोंगा मागच्या बाजूला, काचांच्या रांगेआड उभा राहिला आणि त्याच्या मते अगदी कुजबुजत म्हणाला, "देवा, मेहुण्याच्या दुकानाचं बरं कर. त्याला भली गिऱ्हाइकं दे." मग घुटमळून पुढे जोडलं, "पण जास्त नको."

पुढचे दोन आठवडे त्याची प्रार्थना अशीच चालली. द्यायचं, पण हात आखडून. एकदा तर "त्याच्या फ्रेमा सरळ असू देत" म्हणताना मध्येच थांबून त्याला पाणी प्यावं लागलं. कधी प्रार्थना करून तो पुढे यायचा, समोर गिऱ्हाईक दिसायचं आणि पुन्हा तीच आग. मग तसाच मागे जाऊन म्हणायचा, "प्रभू, बघितलंस ना? मी असा आहे. माझ्याच्याने हे होत नाही, तूच काहीतरी कर." धड मागणंही नाही ते, नुसतं गाऱ्हाणं. पण ही सगळ्यात खरी प्रार्थना होती असं मला वाटतं.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी समोर एक बाई मोठी आरशाची चौकट घेऊन शिरली. भोंग्याने पाहिलं आणि तो पुट्टी मळत राहिला. जरा वेळाने त्याचे हात थांबले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. जेवायला घरी गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "अगं, छातीत काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतंय."

बायको घाबरली. "दुखतंय का? डाव्या बाजूला?"

"दुखत नाही ना. तेच तर म्हणतोय. रोज दुखायचं."

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ताटात आणखी वाढलं. तो सगळं जेवला.

त्या रविवारी प्रार्थना सुरू झाली. भोंगा डोळे मिटून आपल्या तंद्रीत म्हणत होता. क्षमेची ओळ केव्हा आली आणि केव्हा गेली, त्याला पत्ताच लागला नाही. त्याला कळलं ते एवढंच, की पुढची ओळ आपण एकटेच म्हणतोय. त्याने डोळे उघडले. सगळी मंडळी माना वळवून त्याच्याकडे बघत होती. मुलांची कोपरं मारायची राहून गेली होती. बायकोने रुमालात तोंड खुपसलं होतं आणि तिचे खांदे हलत होते, हसण्याने की रडण्याने ते समजत नव्हतं. अगदी मागच्या बाकावर बँडेजचा हात मांडीवर घेऊन मेहुणा बसला होता. तो मान खाली घालून होता, आणि उपासना संपताच नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी निघून गेला.

भोंग्याची त्या दिवशीची दुपार काळजीत गेली. ओळ तर तोंडातून गेली होती, तीही अशा आवाजात की देवाला ऐकू गेली नाही म्हणायची सोय नव्हती. आता ती खरी करणं भाग होतं.

सोमवारी सकाळी मेहुण्याच्या दारात शाळेच्या वाचनालयाची काच उभी होती, सात फूट बाय पाच. सुट्टी संपून दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती, त्यामुळे काच आजच बसायला हवी होती. आणि उचलायला एकच कामगार, मिशीवाला, काचेकडे बघत डोकं खाजवत उभा. मेहुणा दुसरं टोक स्वतः धरायला हाताचं बँडेज सोडू लागला होता. भोंग्याला हे इकडून सगळं दिसलं. त्याने हातमोजे घेतले आणि रस्ता ओलांडला. रस्ता तो केवढासा, दहा-बारा पावलांचा. त्याला तो ओलांडायला तीन वर्षं लागली होती.

त्याला येताना पाहून मेहुणा दोन पावलं मागे सरकला.

"तुझी काच फुटली त्या दिवशी," भोंगा म्हणाला, आणि तो खरोखर हळू बोलत होता, "आवाज ऐकून मला आनंद झाला. मी दुसरा चहा मागवला. तुझा हात कापलाय हे माहीत नव्हतं, पण तरी ते वाईटच. तीन वर्षं मी तुझं वाईट चिंतत बसलो. मला माफ कर."

मेहुणा म्हणाला, "दाजी, दवाखान्याचं काम तुम्हाला सांगून घ्यायला हवं होतं. भीती वाटली. चूक माझीच. आणि दुकान समोर घेतलं ते तुम्हाला खिजवायला नाही, अडलं तर हाक मारता यावी म्हणून. पण मग हाक मारायला तोंडच उरलं नाही."

"मग इतके दिवस आला का नाहीस?"

"येणारच होतो. महिनाभर रोज वाटायचं. तुमची प्रार्थना ऐकून."

भोंगा चपापला. "कुठली प्रार्थना?"

"सकाळची. माझ्यासाठीची."

"ती तुला ऐकू येते?"

"दाजी, ती चहावाल्याला येते, न्हाव्याला येते, कोपऱ्यावरच्या शिंप्याला येते. सुरुवातीला 'पण जास्त नको' असायचं. आम्ही सगळे त्याची वाट बघायचो. मग एके दिवशी ते आलंच नाही. त्या दिवशी मी दार लावून आत बसलो आणि रडलो."

भोंग्याचे कान लाल झाले. तेवढे शब्द केव्हा गळून गेले, हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "काच उचला. ऊन चढतंय."

आता या धंद्याचा एक नियम आहे. वाट दाखवणारा बोलतो आणि काच धरणारे ऐकतात. आठ वर्षं बोलायचं काम भोंग्याचं होतं. आज भोंगा काचेच्या मागच्या टोकाला, मिशीवाला पुढच्या टोकाला, आणि मेहुणा दोघांच्या पुढे. वीस पावलांवर दिव्याचा खांब आला.

"दाजी," मेहुणा संकोचून म्हणाला, "म्हणजे तुम्हाला त्रास होणार नसेल तर जरासं, डाव्या बाजूला, घेता आलं तर..."

"अरे नीट हुकूम सोड!" भोंगा गरजला. "तुझं 'आलं तर' संपेपर्यंत काच खांबावर!"

"डावीकडे!" मेहुणा ओरडला.

"हां. असं."

मग कुठे त्याची जीभ सुटली. थांबा, पायरी, उजवीकडे, खाली घ्या. भोंगा मुकाट्याने ऐकत गेला. हुकूम बिनचूक होते. खड्ड्याच्या तीन पावलं आधी सांगायचं, वळणावर मागच्या माणसाला वेळ द्यायचा, सगळं जिथल्या तिथे. मागे चालताना भोंग्याला उगाचच हसू फुटत होतं. पोरगं तयार झालं होतं, आणि त्या गोष्टीचा त्याला आनंद होत होता. हा आनंद इतकी वर्षं आपण का सोडून दिला, हेच त्याला कळेना.

काच एका दमात बसली. भोंगा कडेची पुट्टी अंगठ्याने दाबत होता, तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई पाहणीला आल्या. करड्या शिस्तीच्या बाई होत्या. त्यांनी काच पाहिली, मेहुण्याला शाबासकी दिली, आणि मग गुडघ्यावर बसलेल्या या पिकल्या केसांच्या माणसाकडे त्यांचं लक्ष गेलं.

"हे कोण? तुमच्याकडे कामाला आहेत का?"

मेहुण्याचा चेहरा पडला. तो घाईघाईने म्हणाला, "नाही बाई, हे तर माझे..."

"हो बाई," भोंगा मध्येच म्हणाला, सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल अशा आवाजात. "यांच्याकडेच. आज पहिलाच दिवस."

"या वयात?" बाईंना जरा कीव आली. "जमतंय का?"

भोंग्याने मान वर करून मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याचे डोळे भरून वाहत होते आणि बँडेजच्या हाताने त्याला ते धड पुसताही येत नव्हते.

"सुरुवातीला जड गेलं," भोंगा म्हणाला. "आता जमतंय."