भात्याची दोरी

"आजोबा, मला तुमचा चेहरा नको, गुडघे दाखवा," फोनमधल्या बाई म्हणाल्या.

"गुडघ्यांत बघण्यासारखं काय राहिलंय?" म्हातारा लोहार पुटपुटला. पण सुनेनं बादली पालथी घातली, तिच्यावर फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि विळा घेऊन ती शेताकडे निघाली. जाताना तिनं दार ओढून घेतलं. बाहेरून कडी पडल्याचा आवाज आला, तसं म्हाताऱ्याचं तोंड कडू झालं.

सून वाईट नव्हती हो. वाईट असती, तर तिला शिव्या देऊन तरी तो मोकळा झाला असता. गेल्या पावसाळ्यात हा बाबा कोणाला न विचारता अंगणात निघाला, चिखलात घसरला आणि घरची माणसं शेतातून येईपर्यंत भिजत तिथंच पडून राहिला. खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पायातलं बळ गेलं ते गेलंच. तेव्हापासून ही कडी. तीही त्यानंच ऐन उमेदीत घडवलेली, चांगली अंगठ्याएवढी जाड.

रोज सकाळी मुलगा त्याला धरून खाटेवरून उठवी, बिनहाताच्या खुर्चीत बसवी आणि कामाला जाई. मग दवाखान्यातल्या बाई फोनवरून व्यायाम घेत. मुलानं कबूल केलं होतं, "बाई म्हणाल्या की आबा आपले आपण उठतात, की त्याच दिवशी कडी काढतो."

म्हाताऱ्याला फार काही नको होतं. अंगण ओलांडून रस्त्याकडेच्या ओट्यावर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची, कोणी चहाला बोलावलं तर जरा आढेवेढे घेऊन जायचं. खोलीत भिंतींशी किती बोलणार?

"हात छातीवर. पुढे वाका आणि पायांवर जोर देऊन उठा."

त्यानं जोर दिला. बूड जागचं हललं नाही. घण मारून मारून दंड अजून दगडासारखे होते, पण पायांच्या पार काटक्या झाल्या होत्या.

"घाई नाही, आजोबा. खाली उशी घ्या. खुर्ची उंच झाली की सोपं जाईल."

"उशी? मी काय बाळंतीण आहे?"

ही खोली म्हणजे त्याची जुनी भट्टीच. भाता कधीच मोडीत गेला होता, पण तो ओढायची दोरी अजून आढ्याला लोंबत होती, नेमकी खुर्चीच्या वर. म्हाताऱ्याची नजर तिच्याकडे गेली. फोनमध्ये दिसत होतं ते कमरेखालचं. त्यानं गुपचूप दोन्ही हातांनी दोरी धरली आणि हिसका दिला. म्हातारा ताडकन उभा!

"अरे वा! आजोबा, हात कुठे आहेत?"

"छातीवर, बाई. आणखी कुठे असणार?"

मग रोज हेच. बाईंना काय आनंद! त्यांनी आपण होऊन मुलाला कळवलं. संध्याकाळी मुलानं कडी उपटली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिली. "घ्या आबा, तुमचीच कारागिरी." म्हातारा लहान पोरासारखा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा सवयीनं आबाला खुर्चीत बसवून कामाला गेला. फोन ठेवायला वाकलेली सून सरळ होताना तिच्या डोक्याला दोरी लागली.

"मेली रोज लागते. मामंजी, आता भाता नाही नि काही नाही. चाऱ्याचा भारा बांधायला नेते हिला." तिनं स्टुलावर चढून विळ्यानं दोरी कापलीसुद्धा.

"अगं..."

"काय?"

खरं सांगितलं असतं, तर कडी परत बसली असती. "काही नाही. दोरी बळकट आहे, जपून वापर."

सून गेली. दार सताड उघडं. ऊन उंबरा ओलांडून त्याच्या पावलांपर्यंत आलं. ओट्यावरून न्हाव्यानं हाक मारली, "काय रे लोहारा, सुटलास म्हणे! ये की इकडे!"

"येतो, येतो. तू हो पुढे."

न्हावी वाट पाहून निघून गेला. म्हाताऱ्यानं जोर लावला. पुन्हा लावला. घामानं सदरा भिजला. आजवर निदान कडीला तरी शिव्या घालता येत होत्या. आता कोणाला घालणार? त्याला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही वाटली.

फोन वाजला. त्यानं वाकून बोट लावलं.

"काय आजोबा, आलात का अंगण फिरून?"

"बाई, ती उशी म्हणत होता ना तुम्ही..."

"आजोबा, इतके दिवस हात कुठे होते?"

"वर. दोरीला."

"आणि आता उशी द्यायला घरात कोण आहे?"

"कोणी नाही. दार उघडं आहे."

मग बाई म्हणाल्या, "बसूनच सुरू करू. उजवा पाय उचला, समोर सरळ करा."

त्यानं पाय सरळ केला. पाय लटलट कापत होता. एक कोंबडी उंबरा ओलांडून आत आली, मान वाकडी करून त्या पायाकडे बघत राहिली आणि आली तशी बाहेर निघून गेली.

"खाली सोडू नका, आजोबा."

"नाही सोडत," म्हातारा म्हणाला.