पाक न धरलेलं रक्त

सहानाची वार खाली सरकली होती. उद्या सकाळी पोट उघडून बाळ काढायचं ठरलं, आणि रक्तपेढीतली एकही पिशवी तिला चालेना. तिची आई सरोजा डॉक्टरांकडे असं बघत होती, जणू त्यांनीच रक्त सांडून ठेवलंय.

"ओ सगळ्यांना चालतं ना? घाला ओ."

"तेच चालत नाही, अम्मा. पेशीवर साखर जोडणारं एक एन्झाइम असतं, ते हिच्यात काम करत नाही. लाडवाला पाकच नसला तर वर खसखस कशी चिकटेल? तसं. ओ रक्तात तो पाक असतो, म्हणून हिचं शरीर ते परकं समजून मोडून टाकतं. साध्या तपासणीत ओच दिसणाऱ्या ह्या गटाला बॉम्बे गट म्हणतात."

"आम्ही तंजावरचे. बॉम्बेला आमचं कुत्रंही गेलेलं नाही."

"अशाच गटाचं रक्त लागेल. सख्ख्या भावंडांत कधी सापडतं," म्हणत डॉक्टर इतर रक्तपेढ्यांना फोन करायला गेले.

शेजारी बसलेल्या विहीणबाई तुळसी म्हणाल्या, "तुमच्या मुलाला, विजयेंद्रला, फोनवर विचारलं मी. तो म्हणतो, माझा ओ, शाळेपासून. इथल्याच एग्मोर स्टेशनात गाडीत बसलाय, मदुरैला चाललाय. गाडी दहा मिनिटांत सुटेल."

सरोजाला एक पत्र आठवलं. तीन वर्षांपूर्वी मुलाने सिरुसेरीत ऑफिसातल्या शिबिरात रक्त दिलं, मागोमाग घरी इंग्रजी पत्र आलं. शेजारच्या रामस्वामींनी वाचलं: गट बॉम्बे, फार दुर्मीळ. दुर्मीळ म्हणजे रोगच, असं तिने धरलं. सहानाची सोयरीक जुळत होती. स्वतः सख्ख्या मामाशी लग्न केलेली सरोजा 'आमच्या रक्तात खोट नाही' असं ह्याच तुळसीला ऐकवत होती. पत्र तिने चुलीत घातलं, मुलालाही सांगितलं नाही.

आता बोलावं तर नाक कापलं जाणार, गप्प राहावं तर पोर जाणार. घड्याळाचा काटा काही तिच्या धाकातला नव्हता. तिने फोन लावला.

"विजू, खाली उतर."

"आई, माझा ओ आहे, उपयोग..."

"ओ नाही. सहानाचाच आहे. पत्र आलं होतं, मी जाळलं. आधी उतर, शिव्या मग दे."

पलीकडे नुसता गलका.

"उतरलो," तो म्हणाला.

तुळसी तिच्याकडे बघत होत्या. "सांगितलं असतं तर आम्ही मुलगी केली नसती, असं वाटलं?"

"वाटलं."

"नसतीच केली. पण आता आत माझं नातवंड आहे. उठा, डॉक्टरांना गाठा. रक्तात खोट नाही हे तुम्हीच ऐकवलंत, आता हेसुद्धा तुम्हीच सांगा."

सरोजा उठली.