क्रमांक पाचचा अर्ज

मित्रांनो, शिट्टी बोलतेय म्हटल्यावर लगेच कानांवर हात ठेवू नका. आता माझ्यात तेवढा दम उरलेला नाही. मी पितळेची, पोटात लाकडी मणी असलेली जुनी शिट्टी. कारखान्यात घडले आणि तिथून थेट एका शाळेतल्या खेळाच्या सरांच्या गळ्यात पडले. मी वाजले की पोरं धावायची, पुन्हा वाजले की थांबायची आणि धापा टाकत हसायची. फार सुखाचे दिवस होते ते.

सर निवृत्त झाले आणि मी त्यांच्या बहिणीकडे आले. त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत. माणसाच्या हाती अधिकार आला की तो कसा वागतो, हे त्यांना प्रयोग करून बघायचं होतं. सहा दिवस, तळमजल्यावरची एक खोली, नऊ माणसं. चिठ्ठ्या टाकून एक जण मुकादम झाला, बाकीचे आठ कामगार. काम काय, तर रंगीत बटणं निवडायची. कामगारांना नावाऐवजी क्रमांक होते. ज्याला नको वाटेल त्याने केव्हाही उठून घरी जावं, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं आणि तशा कागदावर सगळ्यांनी सह्याही केल्या होत्या.

मुकादमाची चिठ्ठी निघाली शामळूची. हे त्याचं टोपणनाव. दाराला धक्का लागला तरी दाराची माफी मागेल असा गरीब मुलगा! त्याची थोरली बहीण कामगारांत होती, क्रमांक पाच. वर्षभरापूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. बाईंनी मला त्याच्या गळ्यात घातलं. पहिल्या दिवशी त्याने मला वाजवलं तेव्हा दोघं भावंडं फिसकन हसली.

दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. शामळूने नियम काढला, की बटणांत चूक सापडली तर शिट्टी वाजेल आणि सगळे उभे राहतील. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बाई शेजारच्या खोलीत, मधल्या काचेमागे बसून लिहीत होत्या. खोटं कशाला बोलू, मलाही तोरा चढला होता.

चौथ्या दिवशी अशीच शिट्टी वाजून सगळे उभे होते, आणि ताईचा गुडघा सुजला. आता तिने काय करावं? पर्स उचलावी आणि चालू पडावं. पण तिने चक्क अर्ज लिहिला. गुडघा दुखत असल्यामुळे घरी जाण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. खाली नाव नाही, नुसता पाचचा आकडा. तो अर्ज तिने आपल्या पाठच्या भावाच्या हातात दिला.

त्याने तो दोनदा वाचला. काचेकडे पाहिलं. बाई लिहीतच होत्या. मग त्याने पेन काढून अर्जावर 'नामंजूर' असं लिहिलं.

"अरे, निदान बसू तरी दे," ती हळूच म्हणाली. "मी तुझी ताई आहे."

"इथे ताईबिई कोणी नाही. क्रमांक पाच, उभ्या राहा."

आणि ती उभी राहिली, मित्रांनो. दार चार पावलांवर होतं, त्याला साधी कडीही नव्हती.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. तिने टेबलाचा आधार घेतला. शामळूने मला जोरात फुंकलं. तिने दचकून हात काढला आणि ती खाली कोसळली. बटणं खोलीभर सांडली. मला वाटलं, आता कोणीतरी धावेल. पण सात जण जागच्या जागी उभे राहून शामळूच्या तोंडाकडे बघत होते आणि शामळू काचेकडे बघत होता.

तेवढ्यात फरशी पुसायला मावशी आल्या. त्यांनी काही चिठ्ठी उचलली नव्हती. बादली टाकून त्यांनी ताईला उठवलं, खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "एवढं दुखतंय तर घरी का नाही गेलीस गं?"

"अर्ज नामंजूर झाला," ताई म्हणाली. बोलली मात्र आणि तिचा चेहरा उतरला. आपण काय बोललो हे तिचं तिलाच कळलं.

बाई धावत बाहेर आल्या. प्रयोग इथेच संपला म्हणाल्या. चार दिवस आपणही साहेबच होऊन बसलो होतो, असं त्यांनी नंतर कबूल केलं.

शामळूने मला गळ्यातून काढलं. "ताई, चल, मी सोडतो घरी."

ताईने पर्स उचलली. "तू मागून ये," ती म्हणाली. "माझ्याबरोबर नको."

मावशींच्या खांद्यावर हात ठेवून ती लंगडत गेली. शामळू एकटाच खाली बसून बटणं वेचत राहिला. त्याला एकाही बटणाचा रंग धड दिसत नव्हता.

आता मी बाईंच्या खणात पडून असते. अंगावर हिरवट कळा आली आहे. दर वर्षी बाई मला नव्या मुलांना दाखवतात, ही हकीगत सांगतात आणि प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, की मी असं कधीच वागलो नसतो. शामळूनेही हेच सांगितलं असतं. मित्रांनो, उद्या कोणी तुमच्या गळ्यात शिट्टी घातली तर खुशाल वाजवा. पण समोरचं माणूस 'बसू दे' म्हणालं, तर त्याला बसू द्या. आणि तुम्ही उभ्या असलेल्यांत असाल, तर पडलेल्याला उचलायला कोणाच्या शिट्टीची वाट बघू नका.